रॉबर्ट सँडमन आणि बलुचिस्तानची सरहद्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटिश हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीचा विषय निघाला की 'सँडमन पद्धत' हे शब्द येतातच. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत त्यावर दोन ओळी असतात, आणि त्या दोन ओळींतूनच बरेच गैरसमज पसरले आहेत. सँडमन कोण, त्याने नेमके काय केले, ते कुठे जमले, कुठे फसले आणि का, याची उत्तरे पुढे दिली आहेत.

सँडमन होता कोण?

रॉबर्ट ग्रोव्ह्स सँडमन 25 फेब्रुवारी 1835 रोजी स्कॉटलंडमधल्या पर्थ इथे जन्मला. वडील कंपनी सरकारच्या फौजेत होते. 1856 साली तोही बंगाल लष्करात, वडिलांच्याच 33व्या पलटणीत दाखल झाला. वर्षभरात 1857 उजाडले. त्याच्या पलटणीची हत्यारे काढून घेण्यात आली, सँडमन घोडदळात गेला आणि लखनौच्या शेवटच्या लढाईत जखमी झाला. पुढे जॉन लॉरेन्सने त्याला पंजाबच्या मुलकी नोकरीत घेतले आणि 1866 मध्ये तो डेरा गाझी खान जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर झाला. त्याचे पुढचे सगळे आयुष्य बलुच आणि पठाण टोळ्यांच्या मुलखात गेले. 1877 ते 1892 तो बलुचिस्तानात गव्हर्नर जनरलचा एजंट होता. 1879 साली त्याला 'सर' हा किताब मिळाला.

डेरा गाझी खानलाच हे सगळे का सुरू झाले?

कारण तिथली सरहद्दच विचित्र होती. जिल्हा सिंधू नदी आणि सुलेमान डोंगर यांच्यामधल्या लांबट पट्टीत बसलेला. मझारी, द्रिशक, गुर्चानी, लेघारी, खोसा या बलुच टोळ्यांचा मोठा भाग मैदानात, म्हणजे ब्रिटिश हद्दीत राही. त्यांच्यामागच्या डोंगरात मरी आणि बुगटी होते आणि ते कागदोपत्री कलात या बलुचिस्तानातल्या संस्थानाच्या खानाची प्रजा होते. डोंगरातल्यांनी मैदानात उतरून गुरे हाकून न्यायची, घोडदळाने पायथ्यापर्यंत पाठलाग करायचा आणि हद्द आली म्हणून परत फिरायचे, असा वर्षानुवर्षांचा क्रम होता. परवानगीशिवाय अधिकाऱ्याने डोंगरात पाऊल टाकायचे नाही, असा पंजाब सरकारचा दंडक होता. यालाच 'बंद सरहद्द' धोरण म्हणत.

1867 च्या आरंभी बुगटींचा गुलाम हुसेन मोठी टोळी घेऊन हरंदवर उतरला. मैदानातल्या बलुचांनीच त्याला अडवले आणि तो मारला गेला. सँडमनने ही संधी साधली. त्याच वर्षी राजनपूरला त्याने मरी आणि बुगटी प्रमुखांना बोलावले आणि मैदानातल्या तुमनदारांच्या साक्षीने त्यांच्याशी बोलणी केली. शेवटी त्यांच्याच काही स्वारांना सरकारी पगारावर सरहद्द राखायला ठेवले. तुमन म्हणजे टोळी आणि तुमनदार म्हणजे तिचा प्रमुख. मझारींचा इमाम बख्श खान हा या कामातला त्याचा सर्वांत भरवशाचा साथी. मुन्शी हित्तूराम यांचाही उल्लेख इथे केलाच पाहिजे. टोळ्यांच्या वंशावळी, हेवेदावे आणि मुलखाची माहिती जमवण्यात त्यांचा फार मोठा वाटा होता. इंग्रजी चरित्रांत त्यांना जेमतेम जागा मिळते, हा अन्याय आहे.

'सँडमन पद्धत' म्हणजे नेमके काय?

'टोळीप्रमुखांना पैसे देऊन गप्प बसवणे' ही व्याख्या बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते, ती अपुरी आहे. नुसते पैसे सँडमनच्या आधीही दिले जात होते. 1854 च्या तहापासून कलातच्या खानाला दरसाल 50,000 रुपये मिळत होते आणि तरीही सिंधच्या मैदानातून क्वेट्ट्याकडे जाणारा बोलन घाट बंदच पडत होता. सँडमनने पैसा, काम आणि जबाबदारी यांची सांगड घातली, ही खरी नवी गोष्ट.

प्रत्यक्षात काम असे चाले. आधी टोळीत कोणाचा शब्द खरोखर चालतो ते शोधायचे. गादीवर बसलेला सरदार आणि ज्याचे लोक ऐकतात तो माणूस एकच असेल असे नाही, म्हणून या टप्प्यावर घाई केली की पुढचे सगळे बिघडते. मग त्या टोळीच्या हद्दीतून जाणारा रस्ता किंवा घाट ठरवायचा, त्यावर ठाणी पाडायची आणि प्रत्येक ठाण्यावर त्याच टोळीचे स्वार आणि प्यादे नेमायचे. यांनाच लेव्ही म्हणत. घोडा आणि हत्यार ज्याचे त्याने आणायचे, पगार सरकारने द्यायचा. या जागा टोळीच्या फाट्याफाट्यांत वाटायच्या. सगळ्या जागा सरदाराच्या पुतण्या-भाच्यांनी बळकावल्या तर बाकीचे फाटे रुसतात आणि पहिला दरोडा त्यांच्याकडूनच पडतो. वाटणी झाली की त्या पट्ट्यात काही घडले तर जबाबदारी त्या टोळीची.

याच्या पाठीमागे दोन गोष्टी कायम असत. एक, मोक्याच्या जागी फौज. छोट्या छोट्या तुकड्या गावोगाव पसरून न ठेवता क्वेट्टा, लोरालाई अशा ठिकाणी ती एकवटलेली असे आणि तिथून दोन-तीन खोऱ्यांवर वचक राही. दुसरी, अधिकाऱ्याचे सतत फिरणे. सँडमन हिवाळ्याचे महिनेच्या महिने घोड्यावर असे आणि बरोबर टोळीप्रमुखांचा मोठा लवाजमा असे. जो प्रमुख बरोबर निघाला त्याच्या हद्दीत हल्ला होत नसे, कारण झालाच तर नाक त्याचे कापले जाई.

चोरी किंवा दरोडा झाला तर पुढे काय होई?

ही पद्धत कशी चाले ते इथे सर्वांत स्पष्ट दिसते. समजा, एका काफिल्याचे उंट रात्री चोरीला गेले. सकाळी माग काढणारा बोलावला जाई. तो पावलांचे ठसे धरून निघे आणि त्याच्याबरोबर जवळच्या ठाण्याचे लेव्ही स्वार असत. माग एका टोळीच्या शिवेपर्यंत पोहोचला की तिथल्या प्रमुखाला किंवा ठाणेदाराला बोलावून ठसे दाखवायचे. मग त्याच्यासमोर दोनच रस्ते: माग आपल्या हद्दीतून पलीकडे गेला हे दाखवून द्यायचे, नाहीतर माल किंवा त्याची किंमत भरून द्यायची. रक्कम भरली नाही तर ती त्या टोळीच्या तैनातीतून, म्हणजे सरकारकडून मिळणाऱ्या नेमणुकीच्या रकमेतून, कापली जाई.

यात नेहमी गडबड होई ती मुद्दाम पुसलेल्या मागाची. वाटेवरून मेंढ्यांचा कळप हाकला की ठसे गेले. पाऊस किंवा वाऱ्याचे वादळ आले तरी तेच. अशा वेळी वाद जिरग्यापुढे, म्हणजे टोळ्यांच्या पंचायतीपुढे, जाई आणि पुराव्याअभावी शपथेवर निकाल लागे. टोळीतल्या किती आणि कोणत्या माणसांनी शपथ घ्यायची हे फिर्यादी पक्ष ठरवी. खोटी शपथ घ्यायला बदमाश माणूसही कचरे, हे तिथल्या वृद्धांना पक्के ठाऊक होते आणि म्हणूनच तो उपाय लागू पडे.

जिरगा जुनी वैरे कशी मिटवी?

जिरगा म्हणजे टोळ्यांच्या मान्यवरांची पंचायत. सिबीला हिवाळ्यात आणि क्वेट्ट्याला उन्हाळ्यात मोठे शाही जिरगे भरत. तिथे अनेक टोळ्यांचे सरदार एकत्र बसून आंतरटोळी खटले ऐकत.

वैर मिटवण्याची रीत हिशेबाची होती. दोन्ही बाजू आपापले मेलेले, जखमी झालेले, पळवलेली गुरे, जाळलेली घरे मोजून सांगत. समजा, एका टोळीची 9 माणसे पडली आणि दुसरीची 6. सहाला सहा वजा होत आणि उरलेल्या तिघांची भरपाई जास्त मारणाऱ्या टोळीने द्यायची. ही भरपाई रोख रक्कम, उंट, हत्यारे किंवा जमीन अशा रूपात ठरे. सरदाराच्या घरातला माणूस मेला असेल तर त्याची किंमत जास्त धरली जाई. जिरग्याचा निर्णय हा सल्ला असे. डेप्युटी कमिशनर किंवा पोलिटिकल एजंट तो मंजूर करून हुकूम काढी आणि मगच तो अमलात येई. सरहद्द गुन्हे कायद्याने याला कायदेशीर रूप दिले. त्याचे मसुदे 1872, 1887 आणि 1901 साली बदलत गेले.

या पद्धतीत खून हा समाजाविरुद्धचा गुन्हा न राहता दोन घरांमधले देणे-घेणे ठरला. त्याचा फटका बायकांना बसला. भरपाईत मुली देण्याची चाल होती, आणि बाईवर बदफैलीचा नुसता संशय घेऊन केलेल्या खुनांना, म्हणजे स्याहकारीला, जिरगे फार सौम्यपणे वागवत. इंग्रज अधिकाऱ्यांना हे माहीत होते. शांतता टिकते आहे तोवर त्यांनी त्यात हात घातला नाही. सँडमनची स्तुती करणाऱ्या लेखकांनी ही बाजू झाकून ठेवली आहे.

मुंबई सरकारशी त्याचे भांडण कशावरून झाले?

मराठी वाचकाला हा भाग जवळचा वाटेल. सिंध 1843 मध्ये जिंकला गेला आणि 1847 पासून 1936 पर्यंत मुंबई इलाख्यात होता. त्यामुळे कलातशी होणारा व्यवहार मुंबई सरकारच्या अखत्यारीत, म्हणजे कराचीचा कमिशनर आणि जेकबाबादचा अपर सिंध सरहद्दीचा सुपरिंटेंडेंट यांच्याकडे होता. सँडमन पंजाब सरकारचा नोकर. मरी आणि बुगटी मात्र दोन्ही प्रांतांच्या सीमेला लागून राहत. सिंधने एक दार लावायचे, पंजाबने दुसरे उघडायचे, असा प्रकार चाले. जेकबाबाद वसवणाऱ्या जॉन जेकबच्या काळापासून सिंधची रीत घोडदळाच्या कडक पहाऱ्याची होती आणि टोळ्यांशी बोलायचे ते खानामार्फतच. सँडमनला थेट सरदारांशी बोलायचे होते. 1871 मध्ये मिठनकोटला दोन्ही सरकारांच्या अधिकाऱ्यांची बैठक झाली आणि मरी-बुगटींच्या बाबतीत सँडमनला काही मोकळीक मिळाली, पण ताण मिटला नाही.

सिंधमध्येही आपापसांत एकमत नव्हते. कमिशनर विल्यम मेरेवेदर खानाच्या बाजूचा. त्याच्या हाताखालचा जेकबाबादचा सुपरिंटेंडेंट कर्नल रॉबर्ट फेअर सरदारांची गाऱ्हाणी खरी मानणारा. दोघांचे जुळेना आणि फेअर सिंधमधून गेला. हाच फेअर 1873 मध्ये बडोद्याचा रेसिडेंट झाला. नोव्हेंबर 1874 मध्ये पपनसाच्या सरबतातून ज्याला विष घातल्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर आला, तो हाच. बडोद्यात त्याच्या जागी आलेला लुईस पेली हाही पूर्वी सिंध सरहद्दीवर जेकबच्या हाताखाली होता. मल्हाररावांच्या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्याने फेअरची सिंधमधली कारकीर्द जरूर पाहावी. संस्थानिकाच्या कारभारावर तुटून पडण्याची त्याची सवय बडोद्याआधीची आहे.

1875–76 च्या दोन मोहिमांत काय झाले?

कलातचा खान खुदादाद आणि त्याच्या मुलखातल्या ब्राहुई टोळ्यांचे सरदार यांच्यात वर्षानुवर्षे यादवी चालू होती. खान भाडोत्री फौज ठेवून सरदारांच्या जमिनी जप्त करी आणि सरदार घाट बंद करत. नोव्हेंबर 1875 मध्ये सँडमन बलुच तुमनदार आणि त्यांचे स्वार बरोबर घेऊन मरी डोंगरातून कलातकडे निघाला. सरदार येऊन भेटले, गाऱ्हाणी ऐकली गेली, पण तोडगा निघाला नाही. एप्रिल 1876 मध्ये तो पुन्हा निघाला. या वेळी बरोबर सुमारे हजार माणसांची फौज होती. याच काळात खानाने मेंगल सरदार नूरुद्दीनला ठार करवले आणि मोहीम तिथेच मोडते की काय अशी स्थिती आली. सँडमन परत फिरला नाही. त्याच दिवसांत लॉर्ड नॉर्थब्रूक जाऊन लॉर्ड लिटन व्हाइसरॉय झाला होता आणि नव्या व्हाइसरॉयला सरहद्दीपलीकडे पाऊल टाकायची इच्छाच होती. वेळ सँडमनला अनुकूल ठरली, हे त्याच्या यशाचे मोजमाप करताना विसरू नये.

मस्तुंगचा करार आणि जेकबाबादचा तह एकच का?

नाही, आणि परीक्षेत हमखास इथे चूक होते. 13 जुलै 1876 चा मस्तुंग करार खान आणि त्याचे सरदार यांच्यातला आहे. सरदारांनी खानाची सत्ता मानायची, खानाने जप्त जमिनी परत द्यायच्या, आणि पुढचे तंटे ब्रिटिशांच्या मध्यस्थीने सोडवायचे. जेकबाबादचा तह 8 डिसेंबर 1876 चा. तो खान आणि ब्रिटिश सरकार यांच्यातला आहे. त्याने 1854 चा तह कायम करून खानाची सालीना रक्कम 50,000 वरून 1 लाख रुपये केली आणि ब्रिटिश फौज कलातच्या मुलखात ठेवायला परवानगी मिळवली. 21 फेब्रुवारी 1877 रोजी बलुचिस्तान एजन्सी स्थापन झाली. सँडमन तिचा पहिला एजंट.

दोन्ही कागद एकत्र वाचले की खरा बदल लक्षात येतो. मस्तुंगने ब्रिटिशांना खान आणि सरदार यांच्यामधला पंच बनवले. खान त्यानंतर आपल्याच मुलखात पूर्ण धनी राहिला नाही.

क्वेट्टा ब्रिटिशांनी जिंकले का?

जिंकले नाही, भाड्याने घेतले. 1883 च्या करारात क्वेट्टा जिल्ह्यासाठी खानाला दरसाल 25,000 रुपये आणि बोलन घाटातल्या जकातीच्या बदल्यात 30,000 रुपये ठरले. पिशिन आणि सिबी वेगळ्या वाटेने आले: 26 मे 1879 च्या गंडमक तहाने अफगाण अमिराने ते ब्रिटिशांच्या कारभाराखाली दिले. 1 नोव्हेंबर 1887 रोजी पिशिन, सिबी, थल-चोटियाली वगैरे भाग 'ब्रिटिश बलुचिस्तान' म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानात सामील झाले.

म्हणून नकाशा पाहताना चार रंग वेगळे ठेवावेत: ब्रिटिश बलुचिस्तान, भाडेपट्ट्याचा एजन्सी मुलूख, कलात आणि लास बेला ही संस्थाने, आणि मरी-बुगटींचा टोळी मुलूख. क्वेट्टा दुसऱ्या गटात येते, पहिल्यात नाही.

दुसऱ्या अफगाण युद्धात त्याची भूमिका काय?

कंदाहारकडे जाणारी फौज, दाणागोटा आणि उंट बोलनमधून सुखरूप पोहोचवणे. 27 जुलै 1880 रोजी मैवंदला ब्रिटिश ब्रिगेडचा पराभव झाला. त्या ब्रिगेडमध्ये मुंबई लष्कराच्या 1ल्या ग्रेनेडियर्स आणि 30व्या जेकब्ज रायफल्स या पलटणी होत्या आणि त्यांची जबर हानी झाली. बातमी पसरताच सरहद्दीवर खळबळ उडाली. मरींनी हर्नाई रेल्वेच्या कामावरून माघारी येणाऱ्या लोकांना लुटले आणि मारले, पुढे त्यांच्यावर जनरल मॅकग्रेगरची फौज गेली. कलातचा खान आणि बहुतेक ब्राहुई सरदार मात्र शांत राहिले. चार वर्षांपूर्वी याच सरदारांनी घाट बंद ठेवले होते, त्यामुळे या शांततेचे श्रेय सँडमनला द्यावेच लागते. 1881 मध्ये ग्लॅडस्टनच्या सरकारने कंदाहार सोडले तेव्हा पिशिन आणि सिबी सोडू नयेत म्हणून त्याने आग्रह धरला, आणि तो मानला गेला.

रेल्वेचा त्याच्या कामाशी काय संबंध?

फार जवळचा. सिंधमधल्या रुकपासून सिबीपर्यंतची सुमारे 133 मैलांची लाइन 101 दिवसांत टाकली गेली आणि जानेवारी 1880 मध्ये गाडी सिबीला आली. मैदान सपाट होते म्हणून हे जमले. पुढचा डोंगर चढायला सात वर्षे लागली. हर्नाईच्या वाटेने जाणाऱ्या लाइनवरचा चप्पर घळीतला पूल मार्च 1887 मध्ये खुला झाला. या लाइनचा मुख्य अभियंता जेम्स ब्राऊन हाच पुढे सँडमनच्या जागी एजंट झाला. कंदाहारच्या दिशेला खोजकचा जवळपास 4 किलोमीटरचा बोगदा खोदला गेला. लेव्ही ठाण्यांवाचून ही कामे चालली नसती, आणि रेल्वेच्या मजुरीने टोळ्यांच्या हाती रोख पैसा पहिल्यांदाच एवढ्या प्रमाणात आला.

झोब कसे घेतले?

1884 मध्ये फौज पाठवून, 1886 मध्ये शेजारचे बोरी खोरे ताब्यात घेऊन, आणि शेवटी 1889 च्या डिसेंबरात अपोझई इथे सरदारांच्या सभेत बोलणी करून. पठाण काकर टोळीतले जोगेझई घराणे इथे महत्त्वाचे होते. अपोझईचेच नाव 'फोर्ट सँडमन' पडले. 1976 पासून ते झोब झाले. झोब हाती आल्यावर गोमल घाटाची दक्षिण बाजू ब्रिटिशांच्या कह्यात आली.

त्याचा मृत्यू कुठे झाला?

लास बेला इथे, 29 जानेवारी 1892 रोजी, वयाच्या 56व्या वर्षी. बेल्याचा जाम आणि त्याचा मुलगा यांच्यातला तंटा सोडवायला तो गेला होता, तिथे आजारी पडला. त्याचे दफनही बेल्यातच झाले आणि जामने थडग्यावर घुमट बांधला. पुढच्याच वर्षी, 1893 मध्ये, कलातच्या खुदादाद खानाला गादी सोडावी लागली.

हीच पद्धत वझिरिस्तानात का फसली?

कारण तिथे 'सरदार' नव्हता. बलुच टोळीत तुमनदाराचा शब्द खालपर्यंत चालतो. महसूद वझिरांत प्रत्येक माणूस दुसऱ्याच्या बरोबरीचा, आणि मलिकाचे, म्हणजे टोळीतल्या मुखियाचे, वजन त्याच्या चार नातेवाइकांपलीकडे जात नसे. सँडमनचा जुना सहकारी रिचर्ड ब्रूस 1890 नंतर तिथे गेला आणि त्याने मलिक निवडून त्यांना तैनात बांधून दिली. काही खुनी पकडून देण्याची जबाबदारी मलिकांवर टाकली. त्यांनी ती पार पाडलीही, आणि 1893 मध्ये त्यातल्या काही मलिकांना त्यांच्याच लोकांनी ठार मारले. सरकार त्यांना वाचवू शकले नाही. 3 नोव्हेंबर 1894 रोजी वझिरिस्तानातल्या वाना इथल्या ब्रिटिश छावणीवर पहाटे महसुदांचा हल्ला झाला. जबाबदारी पेलण्याची ताकद नसलेल्या माणसावर ती टाकली, चूक इथे झाली. आमच्या मते सँडमन स्वतः तिथे असता तरी फार फरक पडला नसता. झोबमध्ये पठाणांत त्याला यश आले ते जोगेझईंसारखे मानले जाणारे घराणे तिथे होते म्हणून.

खानदेशातल्या भिल्ल पलटणीशी याची तुलना योग्य आहे का?

काही अंशी आहे. जेम्स आउट्रमने 1825 पासून खानदेशात भिल्लांना पगारी शिपाई करून त्याच डोंगरांची राखण त्यांच्याकडे दिली. त्याआधी मराठेशाहीतही रामोशी आणि नाईकांना गडकोट, घाट राखायला नेमणुका असतच. दरोडा घालणाऱ्याच्याच हाती पहारा देण्याची कल्पना सँडमनने शोधली असे म्हणता येत नाही. आउट्रमचा बलुचिस्तानशीही संबंध आला: 13 नोव्हेंबर 1839 रोजी कलातचा किल्ला पडला आणि खान मेहराब मारला गेला, तेव्हा तो तिथे होता आणि तिथून वेश पालटून सोनमियानीच्या किनाऱ्याला पोहोचला. पण भिल्ल पलटण ही कवायती फौज होती, हुकूम इंग्रज अधिकाऱ्याचा. लेव्ही आपल्या सरदाराच्याच हुकमात राहिली. या फरकामुळे बलुच सरदार बळकट झाले. भिल्ल नाईकांना तसे बळ मिळाले नाही.

सामान्य बलुच माणसाला काय मिळाले, काय गेले?

मिळाले ते सुरक्षित रस्ते, बाजार, रोख पगार आणि वैरात कमी बळी. गेले ते सरदाराला वठणीवर आणण्याचे जुने मार्ग. पूर्वी सरदार फार माजला तर फाटे त्याला सोडून जात, भावकीतला दुसरा उभा राही. आता त्याच्या मागे सरकारची तैनात आणि पलटण होती. शाळा, कोर्ट, पोलीस, जमिनीचा सर्व्हे हे सगळे ब्रिटिश भागात थोडेफार आले, टोळी मुलखात जवळपास नाहीच. 'टोळीच्या आतल्या कारभारात ढवळाढवळ नको' या तत्त्वाखाली घरगुती गुलामही तसेच राहिले. बुगटींमधला मराठा नावाने ओळखला जाणारा समाज, ज्याचे नाते पानिपतच्या कैद्यांशी जोडले जाते, याच टोळीरचनेच्या खालच्या पायरीवर होता. त्याच्या स्थितीत सँडमनच्या कारभाराने काही बदल केला नाही.

आज त्यातले काय उरले आहे?

क्वेट्ट्याचे सँडमन रुग्णालय आणि सिबीचा वार्षिक मेळा. पाकिस्तानात 1976 साली कायद्याने सरदारी पद्धत रद्द झाली, पण सरदारांचे वजन गेले नाही. सरहद्द गुन्हे कायदा टोळी भागातून 2018 मध्ये हटला. लेव्हीही दीर्घकाळ टिकली, पण ती पोलिसांत विलीन करण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा झाले.

वाचताना कोणते नावांचे घोटाळे टाळावेत?

जेकबाबाद वसवणारा जॉन जेकब (मृत्यू 1858) आणि 1857 मध्ये कोल्हापुरात आलेला जॉर्ज ल ग्रँड जेकब हे नात्यातले, पण वेगळे. फोर्ट मन्रो हे ठाणे डेराजातच्या कमिशनर कर्नल मन्रोच्या नावाचे आहे, रयतवारीवाल्या थॉमस मन्रोच्या नव्हे. डेरा गाझी खान, डेरा इस्माईल खान आणि डेरा बुगटी ही तीन निरनिराळी गावे. जुन्या इंग्रजी कागदांत मरी टोळी आणि रावळपिंडीजवळचे मरी थंड हवेचे ठिकाण यांचे स्पेलिंग सारखेच दिसते, त्यामुळे संदर्भ पाहिल्याशिवाय टिपण करू नये. कलातचेही तीन-चार प्रकारांनी लेखन आढळते. संगणकावर शोध घेताना सगळी रूपे टाकून पाहावीत.

मूळ कागद महाराष्ट्रात पाहायला मिळतात का?

मिळतात. मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य अभिलेखागार आहे. सिंध मुंबई इलाख्यात असल्याने सिंध सरहद्द आणि कलातचा पत्रव्यवहार मुंबई सरकारच्या राजकीय खात्याच्या दप्तरांत आहे. 1847 ते 1876 चा काळ घ्यावा. 1877 नंतर कलातचा कारभार थेट हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र खात्याकडे गेला, त्यामुळे त्या पुढचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधावे लागतात. मुंबईत शोधताना 'बलुचिस्तान' या मथळ्याखाली थोडेच हाती लागेल. 'सिंध', 'कलात' आणि 'अपर सिंध सरहद्द' या तिन्ही मथळ्यांखाली पाहावे. मेरेवेदर आणि फेअर यांच्या वादाची पत्रे वाचताना दोघांच्याही बाजूची पत्रे काढावीत, कारण एकाच घटनेचे दोघांनी पाठवलेले अहवाल एकमेकांशी जुळत नाहीत आणि सँडमनचे म्हणणे यांपैकी कोणाच्याच दप्तरात पूर्ण येत नाही. ते पंजाब सरकारच्या कागदांत आहे.